भिंतीवरचं चित्र एकदा उतरवून बघा

कोल्हापूरकरहो, आणि कोल्हापूर सोडून पुण्या-मुंबईला किंवा परदेशात स्थायिक झालेल्या आमच्या माणसांनो, सप्रेम नमस्कार.

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत पेठेतल्या एका घरातून आमच्या वाचनालयात पत्र्याची एक ट्रंक आली. "रद्दीत घालायच्या आधी तुम्ही एकदा बघा," एवढाच निरोप. वर जुने दिवाळी अंक होते, त्याखाली शाळेच्या चित्रकला परीक्षांचे कागद, आणि तळाशी धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली 71 जलरंगातली निसर्गचित्रं. ती काढणारे गृहस्थ पेठेतल्याच शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. घरच्यांची इच्छा नाही म्हणून त्यांचं नाव इथे घालत नाही. जुन्या लोकांना 'मास्तर' म्हटलं की कळेल. दर रविवारी पहाटे सायकलच्या कॅरिअरला बोर्ड बांधून बाहेर पडायचे आणि ऊन चढायच्या आत परत यायचे, हे बघितलेली माणसं अजून गल्लीत आहेत.

चित्रं चांगली आहेत. काही फार चांगली आहेत, काही नुसतीच बरी. पण आम्ही खरे अडकलो ते चित्रं उलटी केल्यावर. प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीनं बारीक अक्षरात टिपण आहे. एक इथे उतरवून देतो: "पंचगंगा घाट. स. 7.10 ते 8.25. पाणी खाली चार पायऱ्या. दगड ओला तिथे निळा, वाळला तिथे तपकिरी. म्हशी आल्या, थांबलो." चित्र बघितलं तर खरंच तसं. घाटाच्या काळ्या दगडात काळा रंग कुठे लावलेलाच नाही. अल्ट्रामरिन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) कमी-जास्त करून सगळा घाट उभा केलाय, आणि पाण्यावरची चमक म्हणजे नुसता कोरा सोडलेला कागद. उजव्या कोपऱ्यात रंग अर्धवट सुटलाय. तिथे म्हशी आल्या.

आता विषयावर येतो. आम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: तुमच्या घरातली चित्रं (द्यायला नव्हे, दाखवायला), तुमची ओळख पटवणारी नजर, आणि थोडे पैसे. क्रम मुद्दाम असा लावलाय.

कोल्हापूरची ओळख सांगायची वेळ आली की आपली गाडी तांबडा-पांढरा, चप्पल आणि कुस्तीवर येऊन थांबते. त्यात खोटं काही नाही. पण या गावानं शंभर वर्षांहून अधिक काळ रंगाच्या पेटीतूनही स्वतःकडे बघितलंय, आणि ते बघणं अगदी इथल्या पाण्याचं, इथल्या उन्हाचं आहे. सुरुवात चित्रकार आबालाल रहिमानांपासून धरायची. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून आलेला हा माणूस शाहू महाराजांच्या पदरी होता. मुंबईत राहून साहेबांची पोर्ट्रेट्स करून पैसा मिळवता आला असता. ते न करता कोटीतीर्थाच्या काठी राहिले आणि तेच तळं, तोच रंकाळा, तीच झाडं वेगवेगळ्या वेळी काढत बसले. रंकाळ्यातला संध्यामठ त्यांनी काढलाय. पावसाळ्यात तो पाण्याखाली जातो आणि पाणी उतरलं की पुन्हा वर येतो, हे आपण सगळे लहानपणापासून बघतो. पण त्याच्याकडे दहा मिनिटं बघत बसावं असं आपल्याला आधी कुणी शिकवलं असेल तर त्यांनी. 1922 साली महाराज गेले, तेव्हा दुःखानं आबालालांनी आपली ढीगभर चित्रं कोटीतीर्थात टाकून दिली असं गावात सांगतात. ढीग केवढा होता यावर प्रत्येकाचा आकडा निराळा. 1931 साली ते स्वतः गेले. उरलेल्यांपैकी काही टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहेत. बाहेरगावच्या पाहुण्यांना महालक्ष्मी, रंकाळा आणि मिसळ दाखवताना टाऊन हॉलला अर्धा तास द्यायला हरकत नाही, हे आपलं जाता जाता.

पुढची परंपरा बहुतेकांना ऐकून माहीत असते. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी नाटकांचे पडदे रंगवले, त्यातला देखावा बघायला लोक तिकीट काढायचे, आणि तोच हात पुढे सिनेमात गेला. भाई माधवराव बागल सत्यशोधक चळवळीतले म्हणून ठाऊक असतात, ते हाडाचे चित्रकार होते. दत्तोबा दळवींनी शिकवलेले विद्यार्थी गावोगाव ड्रॉइंग मास्तर झाले. चंद्रकांत मांडरेंना लोक सिनेमातला राजबिंडा नट म्हणून ओळखतात, पण राजारामपुरीतलं त्यांचं राहतं घर आज त्यांच्या निसर्गचित्रांचं संग्रहालय आहे. ही झाली नावाजलेली मंडळी. आमच्या मास्तरांसारखे, म्हणजे कुठल्या यादीत नाहीत पण आयुष्यभर रविवार चुकवला नाही असे, या गावात किती असतील? त्यांची चित्रं संग्रहालयात गेली नाहीत. ती तुमच्या माडीवर आहेत, देवघराच्या बाजूच्या भिंतीवर आहेत, लग्नात आहेर म्हणून आलेल्या फ्रेममध्ये आहेत. ओल लागलेल्या भिंतीला पाठ टेकून ती हळूहळू कुजतायत.

यात एवढं काय, असं काहींना वाटेल. नदीचंच चित्र ना, नदी तर आहे तिथेच. नदी आहे हो, पण बाकीचं? कपिलतीर्थ आज आपल्याला मंडई म्हणून माहीत आहे. भाजी घेताना पायाखाली एके काळी तळं होतं हे कुणाच्या मनातही येत नाही. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं. जोराचा पाऊस झाला की मैदानात पाणी तुंबतं आणि आपण महापालिकेच्या नावानं बोटं मोडतो. पाणी बिचारं आपल्या जुन्या पत्त्यावर येतं. बुजलेल्या तळ्यांचे काठ, त्यावरची झाडं, धुण्याचे दगड हे सातबाऱ्यावर सापडत नाही. जुन्या नकाशात एक निळा ठिपका असला तर असतो. काठ दिसायला कसा होता ते चित्र काढणाऱ्यानंच सांगायचं. 2024 च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा दुसऱ्या दिवसापासून सगळे घरातले जुने फोटो शोधायला लागले. ती शोधाशोध जळायच्या आधी करता आली तर बरी, एवढंच आमचं म्हणणं.

आमच्यावर पाळी येऊन गेलीय, म्हणून हे लिहितोय. वाचनालय नदीच्या अंगाला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 ला धोका, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 55 च्या वर गेलं. पुस्तकं वर चढवता चढवता रात्र झाली, आणि सभागृहाच्या भिंतीवर होती ती 9 चित्रं तशीच राहिली. कारण चित्रांचा विचारच कुणी केला नाही. पाणी उतरल्यावर आम्ही नको ते सगळं केलं. काचेला चिकटलेली चित्रं ओढून काढली, त्यातल्या दोनांचं आभाळ काचेवरच राहिलं. बाकीची उन्हात वाळत घातली, ती पापडासारखी वळली. आठवड्यात बुरशी. एक जुना रंकाळा होता, त्याच्यावर आज काळे-हिरवे डाग इतके आहेत की ते झाडं आहेत का बुरशी हे कळत नाही. 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला. तेव्हा वाचवायला भिंतीवर काही नव्हतंच.

आता ट्रंकेतली 71 आमच्या जबाबदारीवर आहेत. म्हणून यंदा ठरवलं की आधी जागा, मग प्रदर्शन, भाषण, हारतुरे.

पहिल्या मजल्यावर मागची खोली रिकामी केलीय. तिथे जमिनीपासून दीड फूट वर उचललेलं लोखंडी कपाट हवं, सपाट आणि रुंद खणांचं, नकाशे ठेवतात तसं. फुल इम्पीरियल, म्हणजे चित्रकलेचा मोठा अख्खा कागद न दुमडता आडवा राहिला पाहिजे. प्रत्येक चित्राला अॅसिड-फ्री (आम्ल नसलेला) माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, आणि मागं तसाच पुठ्ठा हवा. साधा माउंट बोर्ड आणि हार्डबोर्ड कागदाला पिवळा पाडतो. तुमच्या घरातल्या जुन्या चित्राच्या कडेला तपकिरी रेघ दिसत असेल तर ती त्याचीच. सगळ्या चित्रांचे, पाठीवरच्या टिपणांसकट, रंग खरे येतील असे फोटो काढून ठेवायचेत. आमच्या हिशेबानं एका चित्राला सामान आणि मजुरी धरून साधारण 1,400 रुपये लागतात, कपाटाला 85,000. काचेला चिकटलेली आणि बुरशी लागलेली चित्रं आम्ही हात न लावता या कामात मुरलेल्या माणसाकडे पाठवणार आहोत. त्याचा खर्च चित्र बघितल्याशिवाय कुणी सांगत नाही, म्हणून इथे आकडा देत नाही.

पैसे देणाऱ्याला छापील पावती मिळेल. वाचनालय नोंदणीकृत न्यास आहे, हिशेब दर तीन महिन्यांनी फलकावर लागतो, पण 80जीची, म्हणजे देणगीवरची प्राप्तिकराची सवलत आमच्याकडे नाही, हे आधीच सांगून ठेवतो. दुसरी एक गोष्टही स्पष्ट सांगतो. देणगीदाराचं नाव फ्रेमवर येणार नाही. वार्षिक अहवालात येईल, शंभर दिले तरी येईल. चित्रापेक्षा पितळी पाटी मोठी, असा प्रकार आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे बघितलाय. तो इथे नको, असं कार्यकारी मंडळात एकमतानं ठरलं. (एकमत व्हायला दोन सभा लागल्या.)

पैशापेक्षा महत्त्वाचं सांगतो. तुमच्या घरी कोल्हापूर परिसराचं कुणीही हातानं काढलेलं जुनं चित्र असेल, तर एका संध्याकाळपुरतं ते घेऊन या. घाट, रंकाळा, कोटीतीर्थ, पन्हाळा, जोतिबाचा डोंगर, प्रयाग चिखलीचा संगम, उसाच्या मळ्यातलं गुऱ्हाळ, काहीही चालेल. चित्रकार नामांकित असायची गरज नाही. सही नसली तरी आणा. आम्ही तुमच्यासमोर फोटो काढू, मापं घेऊ, पाठीवर काही लिहिलंय का बघू आणि चित्र तुमच्या हातात परत देऊ. चित्र तुमचंच. फोटो वापरायची परवानगीही लेखी घेऊ. दूर असाल तर चित्र पाठवू नका, कुरिअरचा भरवसा धरू नये. दिवसा खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून, पुढून आणि पाठीमागून फोटो काढा आणि इथल्या नातेवाइकाकरवी पोचवा.

उतरवताना दोन-तीन पथ्यं पाळा. चित्र काचेला चिकटलेलं दिसलं तर ओढू नका, फ्रेमसकट आणा. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका. पुसू नका, लॅमिनेशन तर चुकूनही नको. आणि देव करो असं न होवो, पण पुढच्या पुरात कागद भिजलाच तर उन्हात टाकू नका. टीपकागदात आडवा ठेवा, कागद बदलत राहा, वर पंखा लांबून सोडा. ते जमत नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवा, बुरशी थांबते. हे आम्हाला 2019 नंतर कळलं. अर्थात त्या दिवशी पेठेत वीजच नव्हती.

राहिली नजर. मास्तरांच्या 71 पैकी 23 चित्रांवर जागेचं नाव नाही, नुसती वेळ आहे. म्हणून दर शनिवारी संध्याकाळी आम्ही पाच-सहा चित्रं टेबलावर मांडतो आणि येईल त्याला विचारतो, "हे कुठं बसून काढलंय?" आत्तापर्यंत 8 ठिकाणं पटली. एक चित्र आम्ही सगळे रंकाळा समजत होतो. ऐंशीच्या पुढच्या एक आजी नातीचा हात धरून आल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "रंकाळा कुठला? हा कोटीतीर्थाचा काठ. हा दगड बघ, मधी खोलगट. ह्याच्यावर माझी आई धुणं धुवायची." चित्रात तो दगड म्हणजे अंगठ्याएवढा एक डाग आहे, त्याच्या मधोमध फिकट वॉशचा, म्हणजे पातळ रंगाचा, एक फटकारा. मास्तरांनी तो खोलगटपणा बघितला होता आणि आजींनीही. आम्ही तिघं-चौघं दोन महिने त्या चित्राकडे बघत होतो, आम्हाला नुसता डाग दिसला होता. आता त्या चित्राच्या नोंदीत आजींनी सांगितलेलं त्यांच्याच शब्दांत लिहिलंय.

अशी 15 चित्रं अजून बिनपत्त्याची आहेत. एकात घाटाच्या वरच्या अंगाला दीपमाळ आणि वाकडा पिंपळ आहे. एकात तळ्याकाठी कौलारू इमारत आणि मागं टेकडी. एकात नुसती धुक्यातली नाव. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन या. जिना चढवत नसेल तर चित्रं खाली आणून दाखवू. मुलांनाही आणा. रंगपेटी आणि कागद वाचनालयाकडून, बसायला ओटा आहे, समोर नदीकडे जाणारा रस्ता आहे. कुणाला काढावंसं वाटलं तर काढेल. पाठीवर तारीख, वेळ आणि पाणी कुठवर होतं ते मात्र लिहून घेऊ.

कपाट मे अखेरीला जागेवर बसायला हवं. जूनमध्ये पाऊस लागला की लोखंडी सामान जिन्यावरून चढवणं अवघड, आणि जुलैत नदीचा काही नेम नाही. म्हणून पैसे द्यायचे असतील ते शक्यतो महिन्याभरात द्या. चित्रं दाखवायला मुदत नाही.

वाचनालय रोज संध्याकाळी 5 ते 8 उघडं असतं, सोमवारी बंद. चित्र मोठं असेल तर आदल्या दिवशी निरोप धाडा. समोरच्या किराणा दुकानाची हातगाडी आणि दोन पोरं पाठवू. येताना चित्राची काच आतल्या बाजूला करून चादरीत गुंडाळा.

आपले,
वाचनालयाचं कार्यकारी मंडळ