बंदरावरच्या मदत टेबलासाठी हातभार लावा

सप्रेम नमस्कार,

दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर मासळी विकणाऱ्या बायकांच्या बचत गटांचा आमचा ग्रामसंघ आहे. गावकरी, मुंबई-पुण्याचे चाकरमानी आणि कोकणाशी नातं असलेल्या सगळ्यांना त्याच्या वतीने हे आवाहन. बंदराजवळ आठवड्यातून दोन दिवस एक मदत टेबल चालवायचं आम्ही ठरवलं आहे. बँकेचं खातं, यूपीआय, अंगठा, कर्जाचा हप्ता, कशातही अडलं तर बाईने तिथे यावं आणि कोणीतरी शेजारी बसून तिचं काम मार्गी लावावं, एवढाच हेतू.

बायकांना पैसा सांभाळायला शिकवतो, असं सांगत पुष्कळ जण येतात. त्याची इथे गरज नाही. संध्याकाळी लिलावात उधारीवर मासळी उचलायची, बर्फ आणि टेम्पोचं भाडं धरून भाव काढायचा, दुसऱ्या दिवशी बाजारात विकून आधी लिलावाचं देणं फेडायचं आणि उरेल त्यात गटाची बचत, भिशी आणि घर बसवायचं. हा सगळा हिशेब आमच्या बायका तोंडी करतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. नेमका तेव्हाच पोरांच्या शाळेचा खर्च येतो. म्हणून भिशी मे महिन्यात आपल्याला लागावी यासाठी गटात केवढी बोलाचाली होते! पावसाळ्यात गळ्यातलं गहाण पडतं आणि नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटल्या की सोडवलं जातं. यात अडाणीपणा कुठे आहे?

अडचण आहे ती मधल्या काही वर्षांत घरात आलेल्या नव्या व्यवहाराची. मासळीच्या टबाला आता क्यूआर चिकटवलेला असतो, पण बऱ्याचदा त्यामागचं खातं मुलाचं नाहीतर पुतण्याचं असतं, कारण स्मार्टफोन त्याच्याकडे. दिवसभर उन्हात बसून विकलेल्या मासळीचे पैसे त्याच्या खात्यात पडतात आणि लिलावाचं देणं द्यायला आईने त्याच्याकडे हात पसरायचा. पूर्वी तीच रोकड तिच्या कमरेच्या बटव्यात असायची. फसवणुकीच्या बातम्या होतात, याची होत नाही. पण आमच्या मते हे दुखणं जास्त मोठं आहे.

दुसरं, अंगठा. आधारवर पैसे काढायला पिन लागत नाही, बोट लागतं. वर्षानुवर्षं बर्फात आणि मिठात हात घातलेल्या बाईच्या बोटांवर रेषा उरतात कुठे? ती पदराला बोट पुसते, फुंकर घालते, यंत्रावर ठेवते; यंत्र नाही म्हणतं. मग मधलं बोट, मग दुसरा हात. मागे रांग चुळबुळत असते. कधी खात्यातून रक्कम वजा होते आणि हातात काही पडत नाही. अशा वेळी पावती मागून घ्यायची हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. एटीएममधून पैसे न येता कापले गेले, तर बँकेने ते पाच दिवसांत परत करायचे आणि पुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ पासूनचा नियम आहे. पण तो तिच्यापर्यंत पोचवणार कोण?

केनियात २००७ साली एम-पेसा सुरू झालं आणि शहरात कामाला गेलेला माणूस साध्या फोनवरून गावी पैसे पाठवू लागला. आपल्याकडे मुंबईच्या मनीऑर्डरवर ज्यांची घरं चालली, त्यांना हे वेगळं समजावायला नको. पण ते चाललं ते नुसत्या फोनमुळे नाही. गावोगावच्या दुकानांत एजंट बसले होते. फोनवर आलेल्या पैशांची रोकड ते हातात देत. ओळखीचं माणूस समोर असलं की नवी गोष्ट रुजते. आमचं टेबल त्याचसाठी आहे.

सगळं फोनवरच न्या, असं आम्ही कोणालाही सांगणार नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर इथे कितीतरी दिवस वीज नव्हती, फोन मुके झाले होते. तेव्हा रोकड आणि वाण्याची वहीच उपयोगी पडली. थोडी रोकड घरात हवीच.

टेबलावर गटातल्याच दोन शिकलेल्या मुली बसतील. पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन फक्त देताना. गिऱ्हाइकाने दाखवलेल्या स्क्रीनवर विसंबू नये. आधारचा अंगठा लॉक करून ठेवता येतो. फसवणूक झाली तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० या नंबरवर, फोन करावा. हे एकदा सांगून भागत नाही, पुन्हा पुन्हा करून दाखवावं लागतं. मुली कोणाचा पिन विचारणार नाहीत, बटण ज्या त्या बाईनेच दाबायचं. कर्ज किंवा विमा विकणाऱ्याला टेबलाजवळ जागा नाही. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांनाही यूपीआय वापरता येतं, तेही तिथे शिकवू.

यासाठी आम्हाला मुलींचं वर्षभराचं मानधन, एक इन्व्हर्टर, एक छोटा प्रिंटर आणि चालू स्थितीतले जुने स्मार्टफोन हवे आहेत. फोन देताना त्यातलं आपलं सगळं पुसून द्या. बँकेतून निवृत्त झालेल्या कोणी महिन्यातून एक दिवस येऊन बसलं, तर ती मदत आम्हाला पैशाहून मोठी. तक्रारअर्ज कसा लिहायचा, शाखेत कोणाला भेटायचं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

चाकरमान्यांना एक वेगळी विनंती. गणपतीला घरी याल तेव्हा तासभर आई, काकी, वहिनींजवळ बसा. क्यूआर कोणाच्या खात्याला जोडलाय ते बघा आणि दुसऱ्याच्या असेल तर तिच्या स्वतःच्या खात्याला जोडून द्या.

देणगी ग्रामसंघाच्या बँक खात्यातच घेतली जाईल, तीही पावतीसह. खात्याचा तपशील गावातल्या कोणत्याही गटाच्या अध्यक्षा किंवा सचिव ताईंकडून समक्ष घ्या. या आवाहनासोबत आम्ही मुद्दाम क्यूआर किंवा मोबाइल नंबर दिलेला नाही. आमच्या नावाने तसं काही फिरताना दिसलं तर ते आमचं नाही, पैसे पाठवू नका आणि आम्हाला कळवा. जमाखर्च दर महिन्याच्या बैठकीत वाचून दाखवला जाईल. देणगीदारांपैकी कोणीही येऊन वही पाहू शकतं.

आपल्या,
ग्रामसंघातील सर्व भगिनी