ओत आता

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

काल शाळेची पहिली हवामान नोंदवही भरली. तुम्ही पट्टी धरून रकाने आखून दिलेली, तीच. शेवटच्या ओळीखाली मुलांनी रेघ मारली आणि तुमची फार आठवण आली. फोनवर बोलायला गेले तर रडू येईल, म्हणून लिहितेय. आणि उघड लिहितेय, कारण तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते निदान आमच्या माण तालुक्यातल्या लोकांना तरी कळायला हवं.

तुमच्या आधी एक संस्था आली होती. शाळेच्या आवारात स्वयंचलित यंत्र बसवलं, भोवती तारेचं कुंपण, त्याला कुलूप आणि वर पाटी: ‘हात लावू नये’. फेटे बांधले, नारळ फुटला, मुलांना कुंपणाबाहेर रांगेत उभं करून फोटो काढले. यंत्राचे आकडे कुठे जायचे, कोण बघायचं, आम्हाला कधी समजलं नाही. दोन महिन्यांत ते बंद पडलं. मी किती फोन केले! प्रत्येक वेळी ‘कळवतो’. किल्लीसुद्धा त्यांच्याकडेच राहिली. मुलं तारेला नाक लावून आत बघायची आणि मला विचारायची, “बाई, हे चालू कधी होणार?” ते विचारणं मला अजून टोचतं.

मग तुम्ही आलात. एसटीनं, खांद्याला पिशवी, त्यात स्वतःच्या पैशांनी घेतलेला पर्जन्यमापक आणि काचेचं मापनपात्र. हवामान खात्यात निरीक्षक म्हणून उभी नोकरी केलेला माणूस, पण पहिला दिवस तुम्ही मुलांबरोबर जागा शोधण्यात घालवलात. कडुनिंबाची उंची पोरांच्या सावलीवरून काढायला लावलीत आणि झाडाचा आडोसा नको म्हणून त्या उंचीच्या दुपटीहून लांब मापक बसवलात. सकाळी साडेआठ म्हणजे साडेआठ, देशभर सगळीकडे पाऊस त्याच वेळेला मोजतात, हे तुम्ही सांगितल्यापासून रविवारीही कुणी ना कुणी फाटकावर हजर असतं.

पण मला लिहायचंय ते त्या जूनच्या सकाळबद्दल. मृगाचा पहिला पाऊस रात्री पडून गेला होता. नोंद घ्यायची पाळी आमच्या सहावीतल्या मेंढपाळाच्या मुलीची. अर्धं वर्ष कळपामागं फिरणारी, गणिताच्या तासाला मान खाली घालून बसणारी. तिनं पाणी मापनपात्रात ओतलं, उकिडवी बसली, पात्र डोळ्यासमोर धरलं आणि हळूच म्हणाली, “बारा पॉइंट सहा.” मी सवयीनं पुढं झाले, पात्र तिच्या हातातून घ्यायला. तुम्ही काही न बोलता माझ्यासमोर हात आडवा धरलात. खिशातून तुमची स्वतःची डायरी काढलीत, त्यात १२.६ लिहिलंत आणि तिला म्हणालात, “ओत आता.”

एकदा ओतलं की संपलं. परत तपासायला काही उरत नाही. ती दोन पावलं गेली, थांबली, पुन्हा बसली, पुन्हा डोळा लावला. म्हणाली, “आजोबा, मी कडेला चढलेलं पाणी वाचलं. मधलं खोलगट वाचायचं असतं, ते बारा पॉइंट चारवर आहे.” तुम्ही आधीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारलीत, तो वाचता येईल अशी, शेजारी १२.४ लिहिलंत आणि विचारलंत, “निरीक्षक म्हणून नाव काय लिहू?” मग तिनं पाणी कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतलं.

काका, अठरा वर्षं शिकवतेय मी. मुलांच्या प्रत्येक आकड्याखाली लाल शाईची खूण करत आले. त्या मुलीच्या शब्दावर विश्वास ठेवून कुणी आपल्या वहीत आकडा लिहिलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

अंदाजाचंही तेच. परिपाठाला मुलं माइकवर अंदाज सांगतात, तेव्हा ‘पाऊस पडेल’ म्हणायचं नाही, ‘शक्यता आहे’ म्हणायचं आणि कारण द्यायचं: वारा पूर्वेचा, आठापैकी सहा भाग आभाळ भरलेलं, ओलं फडकं गुंडाळलेल्या आणि कोरड्या तापमापकात जेमतेम एका अंशाचा फरक, म्हणजे हवा दमट. चुकला तर चुकला असंच लिहायचं. ‘काल होतं तसंच आज राहील’ असं डोळे मिटून सांगणाऱ्यापेक्षा आपण किती वेळा बरोबर आलो, ते महिनाअखेरीला मोजायचं. पहिल्या महिन्यात डोळे मिटणाराच जिंकला आणि मुलं हिरमुसली. पण त्यांनी ते नोंदवहीत लिहिलं. गावातल्या म्हाताऱ्यांनाही तुम्ही मोडीत काढलं नाहीत. नक्षत्राचा रकाना ठेवायला लावलात, म्हणून आता उत्तरा किती बरसली यावर पारावर वाद झाला की निवाड्याला पोरांना बोलावतात.

एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला ५००० मिलीमीटरच्या वर पाऊस आणि आमच्याकडे जेमतेम ५००. आमच्या पोरांना पाण्याचा थेंब मोजायला कुणी शिकवावं लागत नाही, असं मला वाटायचं. पण घागर मोजणं वेगळं आणि आभाळ मोजणं वेगळं. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे कळल्यावर पोरांनी शाळेच्या पत्र्यावरून किती पाणी वाहून जातं याचा हिशोब केला आणि तो घेऊन थेट सरपंचांकडे गेली.

तुम्ही मुलींना हवामानशास्त्रज्ञ अण्णा मणींबद्दल सांगितलंत: १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या, जवळपास १०० उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले, परदेशातून मागवायला लागणारी उपकरणं इथंच बनू लागली. त्यावर आमची ही मुलगी काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ओल्या तापमापकाची मळलेली मलमल तिनं न सांगता बदलून ठेवली होती.

तुम्ही मानधन घेतलं नाहीत, सत्कार घेतला नाहीत, जेवणसुद्धा मुलांच्या पंगतीत बसून खिचडीचं. अशी माणसं भेटली की वाटतं, चांगुलपणाला ना कुंपण लागतं ना पाटी.

ती मुलगी आता तालुक्याच्या शाळेत जाते. पाऊस झाला की साडेआठला तिचा फोन येतो, “बाई, किती?” आज सकाळी नव्या वहीत पहिली ओळ पडली. पाऊस ८.२ मिलीमीटर, निरीक्षक पाचवीतला एक मुलगा, पहिल्यांदाच. मी शेजारीच उभी होते. मापनपात्राकडे बघितलं नाही. ‘ओत आता’ म्हटलं.

तुमची,
बाई