पूररेषेच्या हिशेबात जुने पूरही धरा

प्रति,
माननीय संपादक,

महोदय,

पूर ओसरला की दोन वाक्ये हमखास वाचायला मिळतात. 'असा पूर यापूर्वी कधीच आला नव्हता' हे एक आणि 'पाणी पूररेषेच्याही पुढे गेले' हे दुसरे. नदीकाठच्या सर्वेक्षणात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्या अनुभवावरून सांगतो की पहिले वाक्य पुष्कळदा खरे नसते. तसा पूर आलेला असतो, पण तो कुणी हिशेबात धरलेला नसतो.

पूररेषा आखताना जलमापन केंद्रावर दरवर्षी नोंदलेला सर्वांत मोठा विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला नदीतून वाहणारे पाणी, घेतात. जितक्या वर्षांची नोंद असेल तितके आकडे मांडतात, संख्याशास्त्राने त्यांना एक वक्र बसवतात आणि तो पुढे वाढवून १०० वर्षांतून सरासरी एकदा येणारा पूर केवढा असेल याचा अंदाज काढतात. मग तो विसर्ग नदीच्या पात्रात आणि काठच्या मैदानात कुठवर चढेल, ते गणिताने पाहिले की रेषा तयार होते. ही पद्धत जगभर वापरतात आणि ती टाकाऊ मुळीच नाही. पण ४० वर्षांच्या आकड्यांवरून १०० वर्षांचा पूर सांगायचा, तर अंदाजाच्या दोन्ही बाजूंना मोठी अनिश्चितता राहते. नकाशा छापताना ती गळून पडते आणि उरते एक बारीक, ठाम रेघ. शिवाय त्या रेघेवरच्या घरात ३० वर्षे राहिले, तर त्या काळात एकदा तरी तेवढा किंवा त्याहून मोठा पूर येण्याची शक्यता २६ टक्के असते. ही गोष्ट तिथे घर घेणाऱ्याला कुणी सांगत नाही.

मोठ्या पुराचीच नोंद सर्वांत कच्ची असते, हे तर फारच थोड्यांना ठाऊक आहे. पाणी चढू लागले की प्रवाहाचा वेग मोजणे अशक्य होते, कधी मोजपट्टी आणि यंत्रेही वाहून जातात. मग लहान पुरांवरून केलेला पातळी आणि विसर्गाचा तक्ता कधीही न मोजलेल्या उंचीपर्यंत ताणला जातो.

जर्मनीतील आर नदीचे उदाहरण मला या बाबतीत सर्वांत महत्त्वाचे वाटते. १४ जुलै २०२१ च्या रात्री आल्टेनार येथील केंद्राने ५.७५ मीटर पातळी कळवली आणि ते बंद पडले. त्याआधीची तिथली सर्वोच्च नोंद २०१६ मधली, ३.७१ मीटर. पाणी पुढे सुमारे १० मीटरपर्यंत चढले, हे नंतर खुणांवरून काढावे लागले. त्या एका खोऱ्यात १३० हून अधिक माणसे गेली. धोक्याचे नकाशे तिथेही होते, पण त्यांचा आधार होता १९४७ पासूनची नोंद. त्याच खोऱ्यात १८०४ आणि १९१० मध्ये विनाशकारी पूर येऊन गेले होते. ते जुन्या कागदपत्रांत नोंदलेले होते, अभ्यासकांनी त्यांचे विसर्गही अंदाजाने काढले होते. माहिती हाताशी असूनही ती नकाशात उतरली नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

जुन्या पुरांचा माग काढता येतो, त्याला फार खर्चही येत नाही. भिंतीवर गाळाची रेघ राहते, झाडाच्या बेचक्यात काडीकचरा अडकतो, जुन्या घाटांवर आणि देवळांवर कोरलेल्या खुणा सापडतात. इमारतीच्या दोन्ही अंगांची खूण पाहावी. प्रवाहासमोरच्या भिंतीवरची रेघ मागच्या भिंतीपेक्षा वीतभर उंच असेल, तर पाणी तिथे सेकंदाला साधारण दोन मीटर वेगाने आदळले असे धरता येते. निवांत पाण्याच्या जागी, उपनदीच्या मुखाशी किंवा कपारीत, प्रत्येक मोठा पूर गाळाचा एकेक थर ठेवून जातो. त्या थरांतल्या कोळशाचे वय काढून हजारो वर्षांपूर्वीचे पूरही ओळखता येतात. ताजी रेघ मात्र पहिल्या सरीने किंवा सफाईने पुसली जाते. म्हणून पाणी उतरल्यावर आठवड्याच्या आत माणसे पाठवून खुणा मोजल्या पाहिजेत, पंचनाम्याइतक्याच तातडीने.

यावर एक आक्षेप असतो आणि तो रास्त आहे. खोरे बदलले, धरणे झाली, पात्रात पूल आणि भराव आले, तेव्हा दोनशे वर्षांपूर्वीचा पूर आजच्या नदीला कसा लावायचा? जसाच्या तसा लावू नयेच. पण एवढे पाणी या खोऱ्यातून एकदा वाहून गेले आहे, हे तर त्यातून कळते. हवा एक अंश तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. असे असताना भविष्यातला पूर भूतकाळातल्यापेक्षा लहानच असेल, असे गृहीत धरायला मला तरी आधार दिसत नाही.

दुसरी उणीव नदीकाठच्या पूररोधक बांधांबद्दलची. बांध घातला की त्यामागची जमीन नकाशावर सुरक्षित ठरते, तिथे वस्ती वाढते. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमध्ये कुसहा येथे कोसी नदीचा बांध फुटला, तेव्हा नदीत विसर्ग होता दीड लाख क्युसेकच्या (घनफूट प्रतिसेकंद) आसपास. बांधाची रचना होती साडेनऊ लाख क्युसेकसाठी. बांधांच्या मधे साचणाऱ्या गाळाने पात्र उचलले गेले होते आणि देखभाल नव्हती. नदी जुन्या वाटेने बिहारमध्ये शिरली आणि ३० लाखांहून अधिक लोक संकटात सापडले. तेव्हा बांध अमुक ठिकाणी फुटला तर किती वेळात, कुठे, किती पाणी येईल, याचा वेगळा नकाशा हवाच.

तिसरे थोडक्यात. पाणी येणार की नाही एवढेच सांगून भागत नाही. वेगाने वाहणारे १५ सेंटीमीटर पाणीही माणसाला पाडू शकते आणि ६० सेंटीमीटर पाणी बहुतेक वाहने वाहून नेते. उलट संथ पाणी आठवडाभर साचून राहिले, तर पीक आणि विहिरी जातात. खोली, वेग आणि मुक्काम ही तिन्ही प्रत्येक वस्तीसाठी वेगळी दाखवा, आणि रेघेऐवजी अनिश्चिततेचा पट्टा छापा.

शेवटी आपल्याकडे एक मागणी. वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांत पुराच्या बातम्या असतात. पाणी कुठल्या पायरीला लागले, कुठला रस्ता किती तास बंद होता, हे तारखेनिशी छापलेले असते. आपल्या दप्तरातील अशा बातम्या आणि छायाचित्रे एकत्र करून अभ्यासकांना खुली करावीत. यापुढे पुराचे छायाचित्र छापताना त्याखाली ठिकाण, तारीख आणि ते टिपल्याची वेळ द्यावी. पाणीपातळी ताडून पाहताना ही वेळ फार उपयोगी पडते.

आपला,
एक वाचक