शपथ आम्ही घेतली, आता प्रयोगशाळा तुम्ही द्या

प्रति,
मा. पशुसंवर्धनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सविनय नमस्कार.

मी पशुवैद्यकीय पदवीच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. सध्या माझी आंतरवासिता (इंटर्नशिप) सुरू आहे. नोव्हेंबरात 18 ते 24 तारखेला जगभर प्रतिजैविक-प्रतिरोधाचा, म्हणजे जंतू अँटिबायोटिकला दाद देईनासे होण्याचा, जागृती सप्ताह पाळतात, तसा तो आमच्याकडेही पाळला गेला. पोस्टर लागली, प्रश्नमंजूषा झाली, हात पुढे करून शपथ झाली. समारोपाला आलेल्या पाहुण्यांनी माईकवरून सांगितलं की हल्लीच्या विद्यार्थ्यांना अँटिबायोटिक कळतच नाही, हाताला लागेल ते टोचतात, म्हणून औषधं निकामी होत चालली आहेत. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. आदल्या वर्षी याच व्यासपीठावरून आमच्या दवाखान्यात कल्चर-सेन्सिटिव्हिटीची, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून त्यावर कुठलं औषध चालतं ते बघण्याच्या चाचणीची, सोय करून देण्याचा शब्द दिला गेला होता. त्याचं नावही या वेळी निघालं नाही. त्या दिवसापासून हे पत्र डोक्यात आहे.

आम्हाला कळत नाही, हे मला मान्य नाही. जिवाणूंचं शास्त्र आम्ही शिकलो. पेनिसिलीनचं कडं फोडणारं एन्झाइम जिवाणू कसं तयार करतो, आत शिरलेलं औषध तो बाहेर कसं फेकतो, आणि ही विद्या प्लाझमिडवरून, म्हणजे डीएनएच्या छोट्या कड्यावरून, शेजारच्या, दुसऱ्याच जातीच्या जिवाणूला कशी देतो, हे परीक्षेत आकृतीसह लिहिलं आहे. जंतूंच्या प्लेटवर ठेवलेल्या औषधाच्या डिस्कभोवती जंतू मरून पडणारं मोकळं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजलं आहे. वजन अंदाजाने धरलं की डोस कमी पडतो आणि कमी डोसात नेमके चिवट जंतू मागे उरतात, हेही आम्हाला माहीत आहे. फक्त हे सगळं आम्ही वेगवेगळ्या वर्षांत, वेगवेगळ्या विषयांत, वर्गात बसून शिकलो. गाईच्या शेजारी उभं राहून कुणी ते एकत्र करून दाखवलं नाही, कारण दाखवायला तिथे काही नसतं.

आमच्या ओपीडीत रोज काय होतं ते ऐका. दगडी, म्हणजे कासेचा दाह, झालेली गाय येते. ताप 105, एक सड दगडासारखा, पिळला तर पिवळं पाणी आणि गाठी. मालक सांगतो, काल एकाने एन्रो मारलं, परवा दुसऱ्याने जेंटा, दोन्ही अँटिबायोटिकच. चिठ्ठी नाही, किती मिली दिलं ते माहीत नाही. आता कासेत कुठला जंतू आहे, स्टॅफ, स्ट्रेप की ई. कोलाय, हे तिथे कुणालाही सांगता येत नाही. बर्फावर नमुना ठेवायला पेटी नाही. वरिष्ठ सांगतात, सेफ्ट्रायक्झोन लाव. मी विचारते, सर, हेच का? ते म्हणतात, यानेच उतरतं. त्यांना दोष देत नाही मी. एका माणसाकडे दोन-तीन दवाखान्यांचा अतिरिक्त कार्यभार, बाहेर रांग, आणि गाय मेली तर मालक त्यांनाच धरणार. पण सेफ्ट्रायक्झोन हे सेफॅलोस्पोरिन गटातलं तिसऱ्या पिढीचं अँटिबायोटिक आहे. जागतिक आरोग्य संघटना ते माणसांसाठी अत्यंत महत्त्वाच्या औषधांत, वरच्या प्राधान्यक्रमावर धरते. वर्गात आम्हाला ते शेवटी वापरायला शिकवतात, गोठ्यात आम्ही ते सुरुवातीलाच वापरायला शिकतो. पुढची तीस वर्षं आमच्या हातात राहणार आहे ती गोठ्यातली शिकवण. विद्यार्थ्यांची समज मोजायला येणाऱ्यांनी प्रश्नपत्रिका बाजूला ठेवून एक सकाळ ओपीडीत उभं राहावं.

सप्ताह संपल्यावर थोड्याच दिवसांत आमच्या घरची गाय आजारी पडली. एचएफ संकर, तिसऱ्या वेताची, दोन्ही वेळचं मिळून बावीस लिटरची. डावा मागचा सड सुजला. मी तेव्हा महाविद्यालयात होते. तालुक्याच्या दवाखान्यात पद रिकामं. आईने ओळखीच्या माणसाला बोलावलं, तो मोटारसायकलवर पिशवी घेऊन येतो. त्याने पहिल्या दिवशी एक औषध दिलं, सूज उतरेना म्हणून तिसऱ्या दिवशी दुसरं, आणि सडात ट्यूब सोडली. ताप थोडा उतरला की तो यायचा थांबला, कारण प्रत्येक फेरीचे पैसे लागतात आणि गाय उभी राहिली की घरातल्यांनाही वाटतं, झालं. चौथ्या-पाचव्या दिवशी शेजारचा सड धरला. मी पोचले तेव्हा कास तापून लाल झालेली, गाय पाय झाडत होती, आई तिच्या मानेवर हात ठेवून बसली होती.

निर्जंतुक बाटलीत दोन्ही सडांचा नमुना घेतला, थर्मासमध्ये बर्फ घालून एसटीने महाविद्यालयात नेला, एका अध्यापकांना हात जोडून तो लावून घेतला. स्टॅफिलोकोकस निघाला. प्लेटवर बहुतेक डिस्क जंतूंनी पार बुडवलेल्या, वर्तुळच नाही. घरी दिलेली दोन्ही औषधं त्यातच होती. म्हणजे इतके दिवस गाईला सुयांचा त्रास झाला, घरचे पैसे गेले, आणि जंतूवर काडीचा परिणाम झाला नाही. एका डिस्कभोवती मात्र स्वच्छ, रुंद वर्तुळ होतं. साधं, जुनं, स्वस्त औषध! पहिल्या दिवशी कळलं असतं तर? निकाल हातात आला तोवर दोन सड बसले होते. ते परत दूध देत नाहीत. दोन सडांवरची गाय बाजारात किती किमतीला जाते, हे आपल्या खात्यातल्या कुणालाही विचारा. घरावर सोसायटीचं कर्ज आहे आणि ते याच गाईच्या दुधावर फिटत होतं. वडील मला एक शब्द बोलले नाहीत. गावातल्या एकाने मात्र चारचौघांत म्हटलं, घरात डॉक्टरीण असून गाईचे सड गेले. मी काय उत्तर देणार होते? माझ्याकडे ज्ञान होतं, चाचणी चाळीस मैलांवर होती.

आईच्या बोटांना धार काढून चिरा पडलेल्या असतात. त्या चिरांना हाच पू लागतो, याची मला आता झोपेत भीती वाटते.

दुधाचंही सांगते. औषध दिलेल्या जनावराचं दूध किती दिवस वापरायचं नाही, हे लेबलवर छापणं औषध नियमांनुसार बंधनकारक आहे. आणि त्या औषधासाठी मुदत ठरवलेली नसेल तर दूध-अंड्यांसाठी किमान 7 दिवस आणि मांसासाठी 28 दिवस धरायचे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या अवशेष-मर्यादा 2019 पासून लागू आहेत. आमच्या घरी मी ते दूध उकिरड्यावर ओतायला लावलं. बारा लिटर देणाऱ्या साध्या गाईचं सात दिवसांचं दूध ओतायचं म्हणजे शेतकऱ्याने अडीच हजार रुपये मातीत घालायचे, औषधाचा खर्च वेगळा. कोण ओतेल? काहीजण ते वासरांना पाजतात, आणि वासराच्या आतड्यातले जंतू त्याच औषधाला सरावतात. बाकीचं डेअरीत जातं. उकळल्याने बहुतेक अँटिबायोटिकांचे अवशेष नाहीसे होत नाहीत. 2024 मध्ये सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे आधी 5 आणि मग 7 रुपये अनुदान दिलं. भाव पडला म्हणून तिजोरी उघडता येते, तर औषधाचं दूध ओतणाऱ्या शेतकऱ्याला भरपाई देण्याची एक ओळ कुठल्याच योजनेत का लिहिता येत नाही?

कागदावर आपल्याकडे काय नाही? 2015 मध्ये चीनमध्ये जंतूला कोलिस्टिन या अँटिबायोटिकला दाद न देणारं बनवणारं एमसीआर-1 जनुक डुकरांत, मांसात आणि माणसांत सापडलं, आणि जुलै 2019 मध्ये केंद्राने अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत, कोंबड्यांत आणि खाद्यात कोलिस्टिनवर बंदी घातली. चांगलंच झालं. औषध नियमांतली शेड्यूल एच-1 ही यादी मार्च 2014 पासून लागू आहे. त्यातलं औषध विकताना लिहून देणाऱ्याचं नाव, रुग्णाचं नाव आणि किती दिलं याची वेगळ्या वहीत नोंद करून ती तीन वर्षं ठेवायची. सेफ्ट्रायक्झोन त्या यादीत आहे. आता कुठल्याही तालुक्याच्या बाजारपेठेत जा, गाईसाठी हवंय म्हणा. चिठ्ठी न मागता हातात मिळतं. प्रतिरोधाविरुद्ध देशाची कृती योजना 2017 मध्ये आली. केरळने 2018 मध्ये स्वतःची राज्य योजना केली आणि पुढे चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणाऱ्या दुकानांची झाडाझडती घेतली. केरळला जे जमलं ते महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्यात मला का दिसत नाही?

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातल्या अभ्यासानुसार 2019 या एका वर्षात जगात सुमारे 12.7 लाख माणसं थेट प्रतिरोधी जिवाणूंमुळे गेली. त्याच गणितात भारताचा आकडा जवळजवळ 3 लाखांचा आहे. यातली किती गोठ्यातून आणि पोल्ट्रीतून आली हे कुणालाच सांगता येणार नाही, कारण आपण मोजतच नाही. 2019 च्या पशुगणनेत या राज्यात 3 कोटी 30 लाख पशुधन होतं, आणि 7 कोटींवर कोंबड्या. त्यांच्या पोटात दरवर्षी किती किलो अँटिबायोटिक जातं? हा आकडा आपल्या टेबलावर असेल तर जाहीर करा. नसेल, तर ज्याची मोजदादच नाही त्याचा ठपका बावीस-तेवीस वर्षांच्या मुलांवर कशाच्या आधारावर ठेवला जातो?

आणि मला राग येतो तो इथे. परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 साली सुरू झालं, पेनिसिलीनचा शोध लागण्याआधी बेचाळीस वर्षं. नागपूरला पशु व मत्स्य विज्ञानाचं स्वतंत्र विद्यापीठ 2000 पासून आहे. एवढ्या जुन्या परंपरेच्या राज्यात खेड्यातल्या गाईला पहिलं इंजेक्शन कोण देईल, हे पदवीवरून ठरत नाही, कुणाची मोटारसायकल आधी पोचते यावर ठरतं. उपचार नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करावेत असं सांगणारा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा 1984 चा आहे. पदं रिकामी ठेवायची, कंत्राटावर माणसं घ्यायची, ती सोडून गेली की जागा पुन्हा रिकामी, आणि त्या पोकळीत जो उभा राहील त्याला बोगस म्हणून धाड टाकायची. धाडीनंतर गाय कुणी बघायची? तिकडे नव्या महाविद्यालयांच्या मंजुरीच्या बातम्या येत राहतात. इमारतीला मंजुरी मिळते, कोनशिला बसते. जंतू वाढवायला लागणारं इनक्युबेटर आणि अगार, आणि औषधाच्या डिस्क यांना लागणाऱ्या पैशांसाठी मात्र फाइल फिरत राहते. माणसांच्या दवाखान्यांतही हेच, शाळांतही हेच. सप्ताह साजरा करायचा, फोटो पाठवायचे, अहवालात आकडा भरायचा. आमची शपथही कुठल्यातरी अहवालात ‘इतके विद्यार्थी लाभार्थी’ म्हणून जमा झाली असेल. कसला लाभ झाला आम्हाला?

मी काय मागते आहे ते सरळ लिहिते. आंतरवासिता जिथे जिथे होते त्या प्रत्येक चिकित्सालयात कल्चर-सेन्सिटिव्हिटी रोज चालू असावी, आणि अँटिबायोटिकची पहिली सुई टोचण्याआधी नमुना घेणं हा आमच्या मूल्यमापनाचा भाग असावा. 1962 वर फोन केल्यावर येणाऱ्या फिरत्या पशुदवाखान्याच्या गाडीत निर्जंतुक बाटल्या आणि बर्फपेटी सक्तीची करा. औंधला रोग अन्वेषण विभाग आहे, तो राहू द्या, पण पुण्यापर्यंत नमुना घेऊन जाणं शेतकऱ्याला परवडत नाही. निदान जिल्ह्याला एक ठिकाण हवं. कुठल्या जिल्ह्यात कुठला जंतू कुठल्या औषधाला दाद देत नाही, याचा तक्ता दर सहा महिन्यांनी प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लागावा, म्हणजे रात्री अकरा वाजता निकालाची वाट न बघता उपचार करणाऱ्यालाही काही आधार असेल. ओतलेल्या दुधाची भरपाई द्या. आणि औषध दुकानातली एच-1 ची वही तपासायला अन्न व औषध प्रशासनाला आपण स्वतः पत्र लिहा. ते दुसऱ्याचं खातं आहे असं म्हणू नका. गाय तुमच्या खात्यात आहे.

आमच्या चिकित्सालयात एक खोली रिकामी आहे. तिथे वीज आहे, नळ आहे, दाराला कुलूप आहे. आम्ही इंटर्न पाळ्या लावून ती प्रयोगशाळा चालवू, अध्यापक देखरेख करायला तयार आहेत, मी स्वतः त्यांना विचारलं आहे. साहित्याची यादी आणि किमती अर्जासोबत रीतसर दिल्या आहेत. तो अर्ज कुठल्या टेबलावर आहे आणि मंजुरी कधी मिळणार, एवढं मला लेखी कळवा. माझी आंतरवासिता उन्हाळ्यात संपते. त्याआधी उत्तर यावं.

आपली,
आंतरवासिता करणारी एक पशुवैद्यकीय विद्यार्थिनी