बाळ्याला पत्र : मशीन, टेबल आणि खालचं घर

प्रिय बाळ्या,

लई दिवसांनी लिहायलोय. फोनवर तुझ्याशी धड बोलणं होत नाही, तुझ्या मागं माग खडखडत असतात आणि तू नुसता "हां हां" करतोस, त्यातलं तुला किती ऐकू येतं देव जाणे. म्हणून सगळं टाईप करून पाठवतोय, पाळी सुटली की निवांत वाच. इकडं सगळे बरे. आईचा गुडघा आहे तसाच, माझी शुगर गोळीवर आहे, वैशालीचं पित्त अधूनमधून. झालं.

विषय शिलाई मशीनचा आहे. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील मशीन म्हटल्यावर आवाज येणारच, त्यात काय एवढं. तू तसं म्हणणार नाहीस. उस्तादांच्या दुकानात डोळे मिटून, नुसत्या आवाजावरनं कुठल्या मशीनला काय झालंय ते ओळखायचास तू. कोपऱ्यातलीच्या शटलमध्ये दोरा अडकलाय म्हणायचास आणि खरंच अडकलेला असायचा.

महाद्वार रोडचा गाळा सुटला ते तुला माहीतच आहे. जुकी मेव्हण्याच्या गोडाऊनात झाकून ठेवलीय, घरी आणायचा प्रश्नच नव्हता, जुनी क्लच मोटर आहे, कापड खाली नसलं तरी बटण चालू केल्यापास्नं घुंई करत राहते. नवी सर्वो मोटर बसवली तर पायडल दाबल्यावरच फिरेल आणि बिलही कमी येईल, पण तो खर्च दिवाळीनंतर बघू. घरी आणलीय ती उस्तादांची काळी फुल शटल, साईडला मोटर लावून, आणि पिको-फॉलला वैशालीची पांढरी पोर्टेबल. दुसरा मजला, हॉलमध्ये खिडकीपाशी ओम्याचं अभ्यासाचं टेबल होतं त्यावर दोन्ही.

आमच्या खाली सर आणि काकू राहतात ते तुला आठवत असतील, ओम्याच्या बारशाला ज्यांनी पायलीभर लाडू आणले होते ते. 2019 च्या पुरात ताईचं घर पाण्यात गेलं तेव्हा काही न विचारता त्यांनी स्वतःची आतली खोली उघडून दिली होती. पाणी उतरून घर सुकेपर्यंत ताईची पोरं तिथंच झोपली, तिथंच जेवली. आता काकूंचं मणक्याचं ऑपरेशन झालंय आणि त्या दिवसभर आडव्या असतात, नेमक्या माझ्या टेबलाखालच्या खोलीत. त्या एक शब्द बोललेल्या नाहीत. त्यांचा मुलगा लॉ करतोय, तो वर आला, बूट बाहेर काढून, पाणी पिऊन मग म्हणाला, काका, आईला रात्री झोप लागत नाही, जरा दहाच्या आत आवरता येईल का. मीच विचारलं म्हणून त्यानं सांगितलं की 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ त्यात रात्र धरलीय, रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45 ही मर्यादा आहे. पोरगं धमकी द्यायला आलं नव्हतं. आईसाठी आलं होतं. तेच मला लागलं रे. भांडायला आला असता तर मी भांडलो असतो, तुला माझा स्वभाव माहीत आहे.

आणि वेळ बघ कुठली. गणपती उठले, नवरात्र तोंडावर, अंबाबाईच्या दर्शनाला नवीन साडी आणि त्यावर मॅचिंग ब्लाऊज सगळ्यांना घटस्थापनेच्या आदल्या रात्रीच पाहिजे असतो. दहाला मशीन बंद केली तर अस्तराचे ब्लाऊज कधी उरकायचे? आणि नाही केली तर काकूंच्या डोक्यावर थड थड चालू. गेल्या महिन्यापास्नं माझ्या डोक्यात हाच एक विषय आहे, जेवताना पण मी टेबलाच्या पायांकडं बघत बसतो असं वैशाली म्हणते.

मग मी एक केलं, खाली जाऊन बसलो. ओम्याला वर पायडलवर बसवलं, आडवातिडवा चालव म्हटलं, आणि काकूंच्या कॉटशेजारी खुर्ची टाकून ऐकत राहिलो. बाळ्या, आपल्याला शिवताना जो आवाज येतो तो खाली येतच नाही. वरची ती टिकटिक, मोटरचं किरकिर, त्यातलं खाली काही नाही. खाली येतो तो नुसता दबका थडथडाट, भिंतीतनं आणि स्लॅबमधनं. त्यांच्या किचनच्या मांडणीत फुलपात्र एकात एक घालून ठेवलेली, त्यातलं सगळ्यात वरचं तेवढं किणकिणत होतं, आणि काकू म्हणाल्या, "ते मी रोज काढून ठेवते, आज विसरले." मला तिथं बसवेना.

म्हणजे आवाज हवेतनं जात नाही, टेबलाच्या पायांतनं जातो. हे डोक्यात बसल्यावर पुढचं सगळं वेगळं दिसायला लागलं.

आधी मशीनचंच बघितलं, उस्तादांची शिस्त, टेबलाला नावं ठेवण्याआधी मशीन उघड. प्लेट काढली, दात्यांखाली अस्तराचा भुसा नुसता नमद्यागत बसलेला. ब्रशनं काढला, जुनं चिकट तेल रॉकेलनं सोडवलं, पुसलं, मग मशीनचं पांढरं तेल प्रत्येक भोकात थेंब थेंब. मोटरच्या ब्रॅकेटचा स्क्रू सैल होता, पट्टा मात्र जरुरीपेक्षा टाईट. बोटानं दाबला की अर्धा इंच दबेल एवढा ठेवला, तर किरकिर तिथंच निम्मी झाली. सुई बदलली, चौदा नंबर. जुनी जरा वाकली होती आणि प्लेटला घासत होती. एवढ्यानं वरचा आवाज लई कमी झाला, वैशाली म्हणाली आता टीव्ही ऐकू येतो. पण खाली जाऊन ऐकलं तर थडथड तशीच.

आता तुझ्या फोमचं सांगतो. उन्हाळ्यात तूच म्हणाला होतास ना, गादीचा फोम काप आणि खाली सार, विषय संपला. संपला नाही भावा. फोम एवढा मऊ की मशीन त्यावर झुलायला लागली, टाका वाकडा पडायला लागला, आणि चार दिवसात फोम चेपून पापड झाला, मग होता काय नि नव्हता काय. या सल्ल्याबद्दल तू मला एक कटवडा देणं लागतोस, पातळ रस्सा वेगळा.

खरं काय ते पोपट्यानं सांगितलं. हो, तोच, उद्यमनगरात अजून लेथवरच आहे, पोट मात्र दोन माणसांचं झालंय. तो म्हणाला लेथखाली आम्ही पॅड घालतो तो मऊ नसतो, घट्ट रबर असतो, मशीनच्या वजनानं थोडा दबला पाहिजे पण पुरता चेपला नाही पाहिजे, दोन्हीच्या मधलं. फार कडक असला तर हादरा सरळ खाली, फार मऊ असला तर मशीन नाचणार. चप्पलचं मटेरियल मिळतं त्या दुकानातनं सोलची शीट आणली, तुकडे केले, टेबलाच्या चारी पायांखाली आणि मशीनच्या लाकडी पेटीच्या चार कोपऱ्यांखाली. अख्खी शीट पसरायची नाही, कोपऱ्यांनाच द्यायचं, मग वजन तेवढ्यावरच येतं आणि रबर काम करतं. पांढऱ्या पोर्टेबलची गंमत वेगळीच, पाच-सहा किलोची हलकी, जोरात चालवली की टेबलावरनं चालत सुटायची. तिच्या बुडाला कंपनीचे रबरी पाय आहेतच, पण त्यावर धूळ आणि तेलाचा थर बसून ते गुळगुळीत झाले होते. ओल्या फडक्यानं पुसले तर परत घट्ट धरायला लागले. पायडल फरशीवर सरकायचं, त्याच्याखाली पण एक तुकडा टाकला.

मग टेबल. ते भुशाच्या बोर्डाचं, पावसाळ्यात फुगतं, स्क्रू सैल होतात, आणि वरची फळी एवढी पातळ की हलगीच ती, वर काहीही केलं तरी वाजणार. त्यात एक चमत्कार आहे बघ, मशीन हळू चालवली की ठीक, फुल सोडली की ठीक, मधल्याच एका स्पीडला सगळं टेबल अंगात आल्यागत थरथरायचं. ब्लाऊजच्या गळ्याला पायपिन लावताना हात नेमका त्याच स्पीडला असतो. बटणांचा डबा सरकत सरकत कडेला जायचा आणि पडायचा, हुक सगळे कॉटखाली. लक्ष्मीपुरीतनं लोखंडी पट्टी आणून टेबलाच्या मागनं तिरकी मारली, कोपऱ्यांना अँगल लावले, खालच्या फळीवर कडाप्पाचा तुकडा ठेवला वजनाला. वरच्या फळीवर जाड प्लाय ठोकला. थरथर लई कमी झाली, डबा आता जागचा हलत नाही. भिंतीपासनं टेबल चार बोटं पुढं ओढलं कारण टेकलेलं असलं की भिंत पण वाजते. आणि खिडकीखालनं उचलून कोपऱ्यात आणलं, कॉलमजवळ. स्लॅब खोलीच्या मध्यावर जास्त हलतो, बीम-कॉलमपाशी कमी. उजेडाला मुकलो, काळ्या कापडावर काळा दोरा ओवताना डोळ्यांचे हाल आहेत, पण चालतंय, एक दिवा घेतला.

परत खाली जाऊन ऐकलं. फुलपात्र गप्प आहे. काकू म्हणाल्या आता काहीच त्रास नाही. पण त्या तशाही म्हणणारच, त्यांचा स्वभाव तो. मी कान देऊन ऐकलं तर दबकं थड थड अजून आहे, दिवसा रस्त्याच्या आवाजात कळत नाही, रात्री सगळं शांत झालं की कळतं. मणक्याचं दुखणं घेऊन जागं असलेल्या माणसाला तर कळणारच कळणार.

आता मुद्द्यावर येतो. उस्तादांनी दुकान बंद केलं तेव्हा हेड, म्हणजे ही वरची काळी मशीन, माझ्याकडं आलं आणि बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, पायडलचं स्टँड तुझ्याकडं गेलं. तू म्हणालास तू दुकान काढणार, नवं स्टँड घेशील, मला आठवण राहू दे. त्या दिवाळीत आपण बोललो पण नाही. ते भांडण मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही, हेड आणि स्टँड वेगळं करायचंच नसतं. पोपट्याच्या शॉपमध्ये त्यानं मला दाखवलं, स्टीलच्या पट्टीवर पाना मारला, टण्ण करून वाजत राहिली. शेजारी बिडाचं कास्टिंग पडलं होतं त्यावर मारला, ठप्प, संपलं. म्हणाला बिडात ग्राफाईटच्या पाकळ्या असतात, हादरा आतच जिरतो, म्हणून तर लेथचा बेड बिडाचा ओततात. आपल्या कोल्हापुरात एवढ्या फाउंड्र्या, आणि मला हे या वयात कळतंय.

त्या स्टँडवर हेड त्याच्या खोबणीत बसेल, वरचं लाकूड जाड आहे, वजन सगळं खाली आहे. आणि मुख्य म्हणजे रात्री दहानंतर मोटरचा पट्टा काढून पायानं चालवता येईल. आठवतंय ना, उस्ताद लाईट गेली तरी शिवत बसायचे आणि बाजूच्या बाकावर त्यांचा नातू गाढ झोपलेला असायचा. तेवढ्या आवाजात काकू झोपतील.

तुझ्या ओसरीत त्या स्टँडवर टीव्ही ठेवलाय ते मला माहीत आहे, वहिनींनी वर क्रोशाचा रुमाल घातलाय तेही. टीव्हीला बिड लागत नाही गड्या. हे माझं टेबल घेऊन जा, अँगल मारून, पट्टी ठोकून मजबूत केलंय, टीव्ही काय फ्रीज ठेवलास तरी हलायचं नाही. पैसे पाहिजेत तर पैसे घे. मला ते स्टँड पाहिजे.

पूनमचं बारावीचं काय झालं ते कळलं नाही, फार्मसीला घालणार म्हणाला होतास. मागांचं कसं चाललंय? मंदी आहे ऐकतो. काकांना नमस्कार सांग, वहिनींना सांग रुमाल परत पाठवतो, धुऊन.

येत्या रविवारी मेव्हण्याचा टेम्पो रिकामा आहे, हातकणंगल्यावरनं सकाळी नऊपर्यंत पोचतो. तू आधी एवढं बघून ठेव, पायडलपासनं मोठ्या चाकाला जाणारा उभा रॉड जागेवर आहे का, आणि चाकाच्या बेअरिंगला गंज धरलाय का. रॉड हरवला असला तर आजच कळव, पोपट्याकडनं टर्न करून घेतो. मेसेज नको करू, फोन कर, आणि करताना मागांपासनं जरा लांब ये.

तुझा,
दिन्या