फॉर्ममध्ये एक रकाना पोरांसाठी ठेवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी जत तालुक्याच्या पूर्व भागात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. दोन शिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, पट 34. मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात शाळांमधल्या स्मार्ट टीव्ही आणि टॅबबद्दल आलं होतं ते वाचल्यापासून लिहायचं लिहायचं म्हणत होते, आज रविवार मिळाला म्हणून बसले. पत्र लांबलं तर काटछाट करा पण मधला ऊसतोडीच्या पोरांचा भाग तेवढा ठेवा ही विनंती.

दरवर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाली की आम्हाला वार्षिक नियोजनाचे फॉर्म भरून द्यावे लागतात आणि त्यात एक भाग असतो तंत्रज्ञान वापराच्या उद्दिष्टांचा. रकाने कसले तर साधनं किती, चालू किती, बंद किती, आठवड्याला तास किती, फोटो जोडला का. आणि उद्दिष्ट म्हणून एक ओळ. त्या ओळीत सगळे जण एकच वाक्य लिहितात, "अध्यापनात तंत्रज्ञानाचा प्रभावी वापर करणे". मीसुद्धा सहा वर्षं तेच लिहिलं. मागच्या वर्षीचा फॉर्म उघडायचा, साल बदलायचं आणि पाठवून द्यायचा. कुणी कधी विचारलं नाही की प्रभावी म्हणजे काय झालं बाई, कुणाला काय आलं. मी पण स्वतःला विचारलं नाही आणि याचं मला आता फार वाईट वाटतं, कारण सहा वर्षांत चौथीच्या सहा बॅचा माझ्या हातून गेल्या.

आमच्या गावचा टीव्ही कसा आला ते सांगते म्हणजे मी एवढं का बोलतेय ते कळेल. 22 जून 2015 ला राज्य सरकारच्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमाचा जीआर निघाला आणि त्यानंतर एक-दोन वर्षांत गावोगाव लोकवर्गणीतून शाळा डिजिटल करायची लाटच आली होती, जुन्या वाचकांना आठवत असेल. आमचं गाव कोरडवाहू, ज्वारी-बाजरी आणि मेंढरं, तरी लोकांनी पाचशे, हजार असं जमेल तसं दिलं आणि एका आजोबांनी एक कोकरू विकून सगळे पैसे शाळेत आणून दिले. मी तेव्हा या शाळेवर नव्हते पण गावात अजून सांगतात. दोन वर्षांत इन्व्हर्टरची बॅटरी गेली, मग वीजबिल थकलं आणि मीटर काढून नेला. मी आले तेव्हा टीव्हीवर झालरीचं कापड घातलेलं होतं, वर धूळ. आता मीटर परत बसलाय, आमच्या पटाच्या शाळेला सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला 25 हजारांपर्यंत अनुदान बसतं पण त्यातच खडू, रंगरंगोटी, दुरुस्ती, बिल सगळं भागवायचं. असो. सांगायचं हे की ज्या टीव्हीत कुणाचं तरी कोकरू गेलंय तो आठवड्याला किती तास चालला एवढंच मोजणं मला बरोबर वाटत नाही.

यावर्षी मी फॉर्म भरायच्या आधी वहीत उद्दिष्टं लिहिली, तीनच, आणि प्रत्येकात पोरांची नावं लिहिली.

पहिलं वाचनाचं. तिसरीत 9 पोरं आहेत, त्यातल्या 6 जणांच्या घरी कन्नड बोलतात. बाहेरच्या लोकांना आमचा भाग माहीत झाला तो 2022 मध्ये जतची 40 गावं कर्नाटकात जाणार का म्हणून पेपरात गाजलं तेव्हा, पण वर्गात भाषेचा प्रश्न रोजचा आहे, पहिलीत पोरगं येतं आणि काहीही विचारलं की "गोत्तिल्ला" म्हणतं, म्हणजे माहीत नाही, आणि खरंतर त्याला बरंच माहीत असतं, फक्त मराठीत सांगता येत नसतं. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या पोरानं मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचावेत असं आहे. म्हणून मी मोबाईलवर रोज दोघांचं एक-एक मिनिट वाचन रेकॉर्ड करायचं ठरवलं, फोनमधला साधा रेकॉर्डर, नेट लागत नाही, रेंज लागत नाही. आठवड्यात 9 ची 9 होतात.

पहिले पंधरा दिवस माझं चुकलंच. मी शब्द मोजत बसले आणि पोरांनी पळायची शर्यत लावली, एकानं 71 शब्द वाचले आणि गोष्टीत कोण होतं विचारलं तर नुसता बघत राहिला. मग मी घड्याळ बाजूला ठेवलं आणि रेकॉर्डिंग ज्याचं त्याला ऐकवायला लागले.

त्यात एक मुलगी आहे, मेंढपाळाच्या घरची, वर्गात तोंड उघडत नाही. तिनं वाचलं होतं "चार च्याकांची गाडी". फोन दोन्ही हातांनी कानाला धरून तिनं ते तीनदा ऐकलं, काही बोलली नाही, जागेवर जाऊन बसली. मीही काही बोलले नाही, म्हटलं घरी कन्नड आहे तर हा च तिला जड जाणारच, त्याला चूक कशाला म्हणायचं. दुसऱ्या दिवशी प्रार्थना व्हायच्या आधीच माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाई, चाकाचा च चमच्यातला हाय, चहातला न्हाई." मी दोन वर्षं फळ्यावर हात आपटून जे शिकवू शकले नाही ते तिनं स्वतःच्या कानानं शोधलं. चार मध्ये चहातला आणि चाक मध्ये चमच्यातला, अक्षर एकच आणि आवाज दोन, हे आपल्याला मराठी घरात जन्मलेल्यांना कधी जाणवतच नाही. आता ही पोरं वर्गाच्या भिंतीवर दोन च चे शब्द वेगवेगळे लिहितात, चूल इकडं, चिमणी तिकडं. आता मला सांगा हे कुठल्या रकान्यात लिहू, साधनं किती, एक मोबाईल, तास किती, आठवड्याला पाऊण तास पण नाही, म्हणजे अहवालात आमची शाळा मागंच.

आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातले परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी, ज्यांना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, त्यांचं नाव आता सगळ्यांना माहीत आहे आणि क्यूआर कोडवाले गुरुजी म्हणूनच माहीत आहे. पण त्यांच्या वर्गातल्या मुलींची घरची भाषा कन्नड होती, ते आधी कन्नड शिकले, पुस्तकं त्यांच्या भाषेत आणली आणि त्यात क्यूआर कोड घातले, हे फार कमी लोक सांगतात. मला त्यातलं हेच मोठं वाटतं. पोरींची अडचण आधी दिसली, मग कोड आला. आता बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड असतात, सरकारच्या दीक्षा ॲपवर ते उघडतात, चांगलं आहे. आमच्याकडं रेंज देवळाच्या चौथऱ्यावर मिळते त्यामुळं मी शनिवारी जतला गेले की पुढच्या आठवड्याचं डाऊनलोड करून आणते.

दुसरं उद्दिष्ट टीव्हीचं आहे आणि ते जास्त माझ्यासाठी आहे. टीव्ही लावला की पोरं गप्प बसतात, आणि दोन वर्गांना एकाच वेळी शिकवणाऱ्या बाईला ती शांतता किती गोड लागते ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल, एकीकडं पहिली-दुसरी टीव्हीपुढं आणि एकीकडं तिसरीची हातच्याची वजाबाकी. पण एकदा कवितेचा व्हिडिओ झाल्यावर दुसऱ्या दिवशी विचारलं तर पोरांना चाल येत होती, पडद्यावरचा ससा आठवत होता, शब्द एकालाही नाही. गप्प बसणं म्हणजे शिकणं समजत होते मी. आता ठरवलंय, मी समोर नसताना टीव्ही लावायचा नाही आणि दर दोन मिनिटांनी थांबवून पोरांना बोलायला लावायचं, पुढं काय होईल, हे आपल्या गावात कुठं बघितलंय. याच्यामुळं आठवड्याचे तास सहावरून दोनवर आले. फॉर्मवर हे उतरलेलं दिसणार आणि मला त्याचं उत्तर द्यावं लागणार हे मला माहीत आहे.

आता तिसरं. दिवाळीच्या मागंपुढं ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. टोळीच्या मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, आई-बाप जाणार म्हणजे घरी आजी नसेल तर पोरंही जाणार, कुणी आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिमेला, कुणी कोल्हापूरकडं, कुणी खाली कर्नाटकात. परत येतात ते गुढीपाडव्याच्या आसपास. शिक्षण हमी कार्ड देतो आम्ही, ते देणं बरोबरच आहे, जिथं जाईल तिथल्या शाळेत त्या पोराला बसता यावं म्हणून असतं. पण फडापासून शाळा लांब असते, पहाटे चारला आई-बाप कोयता घेऊन निघतात आणि धाकट्याला सांभाळायला थोरलं खोपीवर राहतं, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. चौथीचं पोरगं पाच महिने पुस्तक न बघता परत येतं आणि त्याला जोडाक्षर वाचता येत नाही, मग ते मागच्या बाकावर बसतं, मग पाचवीला दुसऱ्या गावी जायचंच सोडून देतं.

मागच्या वर्षी चार पोरं गेली. मी जाताना त्यांच्या आईच्या किंवा बापाच्या फोनमध्ये, साधा बटणाचा असला तरी मेमरी कार्डवर, वीस धडे-गोष्टी माझ्या आवाजात भरून दिल्या होत्या, आणि ज्यांच्याकडं व्हॉट्सॲप आहे त्यांनी रविवारी पोराचा आवाज पाठवायचा असं ठरलं होतं. चारपैकी दोघांचे आवाज येत राहिले. एकाचा फोन जानेवारीत बंद पडला, एकाचा कधी लागलाच नाही. आवाज पाठवणाऱ्या दोघांत एक मुलगा होता, त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये मागं ट्रॅक्टर ऐकू यायचा, धाकटी बहीण रडायची, तो मधेच वाचायचं थांबून तिला "उगी उगी" करायचा आणि परत त्याच ओळीवर यायचा. तो पाडव्यानंतर शाळेत आला आणि पहिल्याच दिवशी पुढच्या बाकावर बसला. दुसरी मुलगी पण आली. बाकीचे दोघे मागं पडले ते पडलेच, चौथी संपेपर्यंत मला त्यांना वर आणता आलं नाही. म्हणून यावर्षीचं माझं तिसरं उद्दिष्ट एवढंच आहे, जे जातील त्यातल्या प्रत्येकाचा आवाज दर पंधरा दिवसांनी माझ्या फोनवर यायला पाहिजे.

एवढ्यावरून माझं मागणं काय ते सांगते. उद्दिष्ट असं असावं की वाचणाऱ्याला कळलं पाहिजे कुणी, काय, कधी करायचं आणि झालं की नाही ते. आपल्याच जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात 2022 पासून काय केलं बघा, संध्याकाळी 7 ला देवळावरचा भोंगा वाजतो, घरातले टीव्ही आणि मोबाईल बंद, साडेआठला परत भोंगा वाजला की चालू. शेतातून आलेल्या म्हातारीलाही कळतं. गावाला जमलं तर शिक्षण खात्याला का जमू नये. फॉर्ममध्ये एकच रकाना वाढवा, "पोरांना आता काय येतं जे जूनमध्ये येत नव्हतं", आणि बाकीचे चार कमी केले तरी चालतील. जूनच्या शिक्षण परिषदेत प्रत्येक शिक्षकाला आपली दोन-तीन उद्दिष्टं उभं राहून सांगायला लावा, मार्चमध्ये काय झालं ते परत सांगायला लावा, जमलं नाही तेही सांगू द्या आणि त्यावरून कुणाला नोटीस देऊ नका. नाहीतर परत सगळे खोटंच लिहितील.

आणखी एक, रोजचे फोटो बंद करा. पोरांचे चेहरे टीव्हीपुढं बसवून काढायचे आणि ग्रुपवर टाकायचे, पुढं ते कुठं जातात कुणाला माहीत. डेटा संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला त्यात 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती घ्यायला सांगितलीय, आणि आमचे पालक फडात असतात. मी रेकॉर्डिंगला प्रत्येक आईला विचारलं, काहींनी अंगठा दिला, आणि वर्ष संपलं की त्यांच्यासमोर पुसून टाकते. एका आईनं मात्र पुसू दिलं नाही, मलाच द्या म्हणाली, तिच्या फोनवर पाठवलं.

सातारा जिल्ह्यातल्या नायगावला सावित्रीबाई जन्मल्या, कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, या भागात शाळा म्हणजे काय हे लोकांना नव्यानं सांगावं लागत नाही, कोकरू विकून पैसे देणारा माणूस त्यातूनच तयार होतो. त्याच्या पैशाचा हिशोब आम्ही त्याला समजेल अशा शब्दांत दिला पाहिजे एवढंच माझं म्हणणं आहे.

यावर्षी पाच पोरं जाणार असं दिसतंय, तिसरीची दोन आणि चौथीची तीन. च शोधणारी ती मुलगी त्यात आहे. मुकादमाचा आणि तिच्या आईचा नंबर मी वहीत लिहून घेतलाय, आणि गोष्टी भरायला अजून दोन मेमरी कार्डं आणायची आहेत.

आपली वाचक,
एक प्राथमिक शिक्षिका
ता. जत, जि. सांगली
(कृपया नाव छापू नये)