हेन्झेचा पॉलिचिनो आणि आमची जत्रा

मा. संपादक,

तुमच्या रविवारच्या पानावर परदेशी संगीत म्हटलं की मोझार्ट नि बीथोवन, त्यापुढे काय कोण जन्मालाच आलं नाही? हान्स वेर्नर हेन्झे या जर्मन संगीतकारावर एकदा लिहा ना. १९२६ चा जन्म, बाप शाळामास्तर आणि पुढे कट्टर नाझी, १९४४ ला पोराला सैन्यात जावं लागलं, त्या सगळ्याची त्याला इतकी शिसारी बसली की १९५३ ला जर्मनी सोडून तो इटलीत गेला तो कायमचाच. डाव्या विचारांचा माणूस, १९६८ ला हॅम्बुर्गला क्रांतिकारक चे गव्हेराला वाहिलेल्या रचनेच्या वेळी स्टेजवर लाल झेंडा लागला, काही गायक म्हणाले आम्ही गाणार नाही, पोलीस आले, कार्यक्रमच बोंबलला. ऑपेरे (म्हणजे गाऊन सादर करायची नाटकं) मात्र लिहितच राहिला.

पण मला आवडतं ते वेगळंच. १९७६ ला त्याने इटलीतल्या मोंतेपुल्चानो नावाच्या डोंगरावरच्या छोट्या गावात महोत्सव सुरू केला, मोठे कलाकार मानधन न घेता यायचे नि गावकऱ्यांबरोबर काम करायचे, १९८० ला तिथल्या पोरांसाठी 'पॉलिचिनो' हा ऑपेराच लिहिला. आमच्याकडे वेंगुर्ल्यात जत्रेला दशावतार होतो, पेटी, पखवाज, झांज, रात्रभर माणसं बसतात (थंडीत, चादर घेऊन!), पण गावातल्या पोरांसाठी मुद्दाम नवीन आख्यान कोण लिहितंय? आमच्या शाळेच्या गॅदरिंगला तर सीडी लावून नाच.

२०१२ ला हेन्झे ड्रेस्डेनला वारला. अर्धं पान तरी द्या.

- एक वाचक, वेंगुर्ला